संमिश्र ग्रंथसंचांची नोंद : एक ऐतिहासिक आलोचन

जुन्या घराण्यांची दप्तरे ज्यांनी एकदा तरी सोडून पाहिली असतील, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल. दप्तर म्हणजे पुस्तक नव्हे, आणि केवळ कागदांचा गठ्ठाही नव्हे. एकाच रुमालात सनदेची नक्कल निघते, तिच्याखाली कीर्द-खतावणीची सुटी पाने, कोणाची तरी गुंडाळी केलेली जन्मपत्रिका, हाताने काढलेला शेताचा नकाशा, एखादी स्तोत्राची पोथी, आणि दप्तर अलीकडचे असेल तर पुठ्ठ्यावर चिकटविलेले एखादे छायाचित्रही. या वस्तू परस्परांहून सर्वस्वी भिन्न. परंतु त्या एकत्र आहेत म्हणूनच बोलक्या आहेत. सनदेतील जमीन कोणती हे नकाशा सांगतो, आणि नकाशावर लिहिलेले नाव कोणाचे हे वंशावळीवरून उमगते. रुमाल सुटला, कागद अभ्यासकाकडे गेले, पोथी देवघरात गेली, छायाचित्र भिंतीवर गेले, की प्रत्येक वस्तू शाबूत राहूनही दप्तर मात्र नाहीसे होते.

ग्रंथालयांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. एका कृतीचे अनेक भाग आहेत आणि ते सर्व एकाच प्रकारचे नाहीत. काही छापील खंड आहेत, काही नकाशे, काही ध्वनिमुद्रिका वा चित्रे. अशा वेळी ग्रंथपालाने तालिकेत, म्हणजे आपण नित्य व्यवहारात ज्याला कॅटलॉग म्हणतो त्यात, नोंद एक करावी की अनेक? एक करावी, तर ती कोणत्या सदराखाली? अनेक कराव्यात, तर या साऱ्या मिळून एकच कृती आहे हे वाचकाला कसे कळावे? प्रश्न कारकुनी वाटतो खरा. परंतु पुष्कळ ज्ञानधन केवळ याच्या उत्तराअभावी असून नसल्यासारखे झाले आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगून एका उदाहरणाचा मात्र जरा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे. ते उदाहरण आपल्या मराठी भाषेशी, किंबहुना आपल्याकडील निरनिराळ्या ज्ञातींच्या बोलींशीही निगडित आहे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर शास्त्र म्हणून लिहून ठेवले नाही, पण व्यवहारात दिले होते. पोथीची पाने सुटी असत. ती लाकडी फळ्यांमध्ये ठेवून वस्त्रात बांधीत. परंतु तेवढ्यावर न थांबता दक्ष लेखक प्रत्येक पत्राच्या समासात ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप आणि पत्रांक घाली. एखादे पान वाऱ्याने उडून दुसऱ्या पोथीत जाऊन पडले तरी ते कोणत्या घरचे हे त्या दोन अक्षरांवरून कळे. रुमालाची तऱ्हा याच्या उलट. तेथे कागदावर ओळख नसे. कापडाची गाठ हीच ओळख. पुण्यातील पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले आणि मराठ्यांच्या इतिहासावर त्यामुळे केवढा प्रकाश पडला हे सर्वश्रुत आहे. तथापि निवडक कागद विषयवार छापले म्हणजे मूळ रुमालात त्या कागदाच्या शेजारी काय होते हे छापील पानावरून समजत नाही. हा संपादकांचा दोष नव्हे. निवडीचा तो स्वभावच आहे. म्हणून मूळ रुमाल आणि त्यांच्या याद्या यांची किंमत निवड छापून झाल्यावरही कमी होत नाही.

युरोपातील ग्रंथालये मुख्यतः बांधीव पुस्तकांची होती. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आंतोनियो पानिझ्झी या इटलीतून परागंदा होऊन आलेल्या विद्वानाने जे ९१ नियम सिद्ध केले, ते १८४१ साली प्रसिद्ध झाले. आधुनिक तालिकाशास्त्राचा उगम त्यांतच मानला जातो. पुढे १८७६ साली अमेरिकेत चार्ल्स अमी कटर याचे नियम आणि मेल्विल ड्यूई याची दशांश वर्गीकरण पद्धती ही दोन्ही प्रसिद्ध झाली. या सर्वांच्या डोळ्यांपुढे पुस्तक होते, आणि पुस्तकाचा मुखवटा म्हणजे शीर्षकपृष्ठ. अनेक खंडांच्या ग्रंथाने त्यांना फारसे अडविले नाही. पहिल्या खंडावरून नोंद करावी, प्रकाशनवर्षापुढे एक रेघ ओढून जागा मोकळी सोडावी, आणि अखेरचा खंड हाती आला म्हणजे तेथे शेवटचे वर्ष भरून नोंद मिटवावी, अशी सोपी रीत पडून गेली. खंड दहा असोत की पन्नास, ते सारे एकाच आकाराचे, एकाच फळीवर ओळीने उभे राहणारे. तेव्हा त्यांची एकात्मता डोळ्यांनाच दिसे.

ही घडी विस्कटली ती चित्रे आणि ध्वनी ग्रंथालयात आले तेव्हा. आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, हिंदुस्थानात या नव्या साहित्याचे स्वागत प्रथम ज्यांनी केले त्यांत एका मराठी राजाचे संस्थान होते. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या निमंत्रणावरून विल्यम अॅलन्सन बोर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० साली बडोद्यास आले आणि १९१३ पर्यंत तेथे राहिले. त्यांनी उभारलेल्या ग्रंथालय खात्यात फिरत्या पेट्या तर होत्याच, शिवाय दृश्य शिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. जादूच्या दिव्याच्या काचा, दुनेत्री चित्रे, चलच्चित्रे हे सारे तिच्यामार्फत खेडोपाडी जाई. निरक्षर रयतेला ग्रंथालयाच्या कक्षेत आणण्याची ही दृष्टी त्या काळी असामान्यच म्हटली पाहिजे. तालिकेच्या दृष्टीने पाहता मात्र यात पुढच्या अडचणीचे बीज होते. पुस्तकांचा विभाग निराळा, चित्रांचा निराळा. व्यवस्थेला हे सोयीचे खरे, परंतु एकाच कृतीचे काही भाग इकडचे आणि काही तिकडचे निघाले, तर?

ते नेमके ज्या ग्रंथाच्या बाबतीत घडले तो म्हणजे जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण. व्हिएन्ना येथे १८८६ साली भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत या कार्याची मागणी झाली, १८९४ च्या सुमारास सरकारने ते हाती घेतले, आणि १८९८ पासून ग्रिअर्सन त्याचे अधीक्षक झाले. ग्रंथाचे खंड ११. पण तिसऱ्या खंडाचे तीन भाग, नवव्याचे चार, पाचव्याचे आणि आठव्याचे दोन-दोन, पहिल्याचेही दोन, असे मिळून १९ ग्रंथ होतात. त्यांचा प्रकाशनक्रम तर विलक्षणच. आरंभ १९०३ साली झाला तो पाचव्या खंडाने. नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली, दुसरा १९०८ साली, आणि पहिला त्यानंतर आठ वर्षांनी १९१६ साली निघाला. प्रास्ताविकाचा जो पहिला खंड, त्याचा पहिला भाग १९२७ साली व दुसरा १९२८ साली, म्हणजे सर्वांच्या शेवटी! पहिल्या खंडावरून नोंद करावी हा नियम पाळू इच्छिणाऱ्या ग्रंथपालाने चोवीस वर्षे काय करावे?

तरीही एवढे संकट निभावण्यासारखे होते. मोकळी सोडलेली नोंद भरत गेले म्हणजे झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा सातवा खंड १९०५ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. तो संपूर्णपणे मराठीस वाहिलेला असून त्याच्या रचनेत स्टेन कोनॉव्ह या नॉर्वेजियन पंडिताचा मोठा भाग होता. कोकणीचा समावेश याच खंडात मराठीची बोली म्हणून केलेला आहे. तो वाद स्वतंत्र आहे, आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणीला स्वतंत्र स्थान मिळाल्यावर त्या नोंदीकडे आता ऐतिहासिक कागद म्हणूनच पाहावयाचे. परंतु या खंडाचे खरे अप्रूप आहे ते त्यातील बोलींच्या नावांत. कोळी, आगरी, कुणबी, धनगरी, भंडारी, ठाकरी, कऱ्हाडी, परभी अशी एकामागून एक प्रकरणे येतात. जणू कोकणपट्टीच्या ज्ञाती आपापल्या वाणीने हजेरी देत आहेत! प्रत्येक बोलीचा नमुना घेण्याची पद्धत ठरलेली होती. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा त्या त्या बोलीत उतरवून घ्यावयाची, स्थानिक लोककथा वा गद्यपद्याचा एखादा उतारा मिळवावयाचा, आणि २४१ शब्द व वाक्ये यांची ठरीव यादी भरून घ्यावयाची. सर्वांनी एकच कथा सांगितल्यामुळे बोलीबोलींची तुलना सुलभ झाली.

परंतु छापील अक्षराने उच्चार पुरता उतरत नाही. आगरी बोलीचा हेल किंवा मालवणकडचा सूर रोमन लिपीवर कितीही खुणा दिल्या तरी कानाला ऐकू येईल काय? ही उणीव भरून काढण्यासाठी १९१३ ते १९२९ या काळात प्रांतिक सरकारांच्या साह्याने भाषांची व बोलींची ध्वनिमुद्रिकांवर नोंद करण्यात आली. शंभराच्या आसपास भाषा-बोली अशा रीतीने लाखेच्या तबकड्यांवर उतरल्या. पुष्कळशा तबकड्यांवर तीच उधळ्या पुत्राची कथा आहे. तिसऱ्या प्रकारचे साहित्य म्हणजे संहिता. तबकडीत काय बोलले गेले हे वाचावयास मिळावे म्हणून मद्रास इलाख्यातील ध्वनिमुद्रिकांच्या उताऱ्यांचे पुस्तक १९२७ साली मद्रासेत स्वतंत्रपणे छापण्यात आले. आणि गंमत अशी की, ज्या मद्रास इलाख्याच्या तबकड्या निघाल्या आणि संहिताही छापली गेली, त्या इलाख्यात ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाची मूळ पाहणी झालीच नव्हती! मद्रासप्रमाणेच हैदराबाद आणि म्हैसूर ही संस्थानेही तिच्या कक्षेबाहेर राहिली होती.

म्हणजे कृती एक, पण तिचे अवयव पाहा. एकोणीस जाडजूड ग्रंथ, त्यांतील घडीचे नकाशे, तबकड्या, त्यांची संहिता. काही बोलींचे पान आहे, आवाज नाही. काहींचा आवाज आहे, पान नाही. ग्रिअर्सन यांनी पहिल्या खंडाच्या परिशिष्टात ध्वनिमुद्रिकांची यादी दिली होती हे खरे. पण ती यादी पाहण्यासाठी आधी पहिला खंड हाती असावा लागतो, आणि त्यानंतर तबकड्या असलेले स्थळ गाठावे लागते. लाखेची तबकडी ठिसूळ; ती पुस्तकाच्या फळीवर ठेवता येत नाही, उभी ठेवावी लागते, पोलादी सुईखाली दर वेळी थोडी झिजते, आणि एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावतात. तिला शीर्षकपृष्ठ नाही. असते ती मध्यावरची गोल कागदी चिठ्ठी. साहजिकच खंड भाषाशास्त्राच्या कपाटात गेले आणि तबकड्या, जेथे त्या होत्या तेथे, निराळ्या दालनात निराळ्या नोंदवहीत गेल्या. मोठमोठ्या ग्रंथालयांतही बहुतेकांपाशी खंड होते, तबकड्या नव्हत्या. मराठीचा सातवा खंड ज्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासिला त्यांपैकी किती जणांना या तबकड्यांचे अस्तित्व ठाऊक असेल याची शंकाच वाटते. यात कोणी हयगय केली असे नव्हे. दोन दालनांना जोडणारी एक ओळ तालिकेत नव्हती, इतकेच.

या प्रश्नाची तात्त्विक उकल करण्याचा प्रयत्न आपल्याच देशातील एका थोर पुरुषाने केला. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ साली आणि वर्गीकृत तालिका संहिता १९३४ साली प्रसिद्ध झाली. गणिती बुद्धीला शोभेल अशा रीतीने त्यांनी बहुखंडी ग्रंथांचे दोन प्रकार पाडले : सर्व खंडांना एकच नाव असलेला एक, आणि समाईक नावाबरोबर प्रत्येक खंडाला स्वतःचेही नाव असलेला दुसरा. ग्रंथालयाने सोयीसाठी एकत्र बांधलेल्या असंबद्ध पुस्तिकांचाही त्यांनी वेगळा विचार केला. आपला रुमाल आठवून पाहिला तर या भेदाचे मर्म चटकन कळते. काही वस्तू कर्त्याने एकत्र केलेल्या असतात, काही केवळ बांधणाऱ्याने. तालिकाकाराने पहिल्या एकीला मान द्यावा आणि दुसरीची नुसती नोंद घ्यावी. रंगनाथन यांचा भर अर्थात पुस्तकांवरच होता. तबकड्यांचा प्रश्न त्यांनी फारसा हाताळला नाही.

इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथपालांनी तो पुढे हाताळला, पण चाचपडत. १९६७ च्या अँग्लो-अमेरिकन तालिका नियमांत पुस्तकेतर साहित्याला स्वतंत्र प्रकरणे मिळाली. १९७८ साली या नियमांची दुसरी आवृत्ती निघाली, तीत अनेक प्रकारच्या वस्तूंनी बनलेल्या संचाला प्रथमच स्वतःचा नियम लाभला. एक वस्तू प्रधान असेल तर तिची नोंद करावी आणि बाकीच्यांचा ‘सोबतचे साहित्य’ म्हणून उल्लेख करावा. कोणतीच प्रधान नसेल तर तीन वाटा मोकळ्या ठेवल्या : सगळ्या भागांची संख्या एका ओळीत द्यावी, किंवा प्रत्येक प्रकारचे वर्णन स्वतंत्र ओळीत करावे, किंवा भाग फारच असतील तर ‘विविध वस्तू’ एवढेच लिहून मोकळे व्हावे. अशा संचाला अमेरिकनांनी ‘किट’ म्हणावे आणि ब्रिटिशांनी ‘मल्टिमीडिया’, अशीही तडजोड झाली. एका नियमावलीत एकाच वस्तूला दोन नावे! यातील तिसरी वाट आम्हाला मुळीच पसंत नाही. ‘२७ विविध वस्तू’ असे लिहिणारा ग्रंथपाल नोंद करीत नाही, हात झटकतो. एखाद्या दप्तराच्या यादीत ‘किरकोळ कागद’ असे लिहिलेले आढळले की शोधकाने तेथेच प्रथम हात घालावा हा अनुभव इतिहास-संशोधकांना नवा नाही.

या नियमांना खरा अडथळा केला तो मात्र यंत्राने. हेन्रिएट आवराम यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात यंत्राला वाचता येईल अशी ‘मार्क’ ही नोंदपद्धती तयार झाली. तीत पुस्तकांचा साचा निराळा, नकाशांचा निराळा, संगीताचा निराळा. नोंद करणाऱ्याने आरंभीच सांगावयाचे की ही वस्तू अमुक प्रकारची. मग त्या साच्याबाहेरचे काही लिहिण्यास जागाच उरत नसे. पुस्तक आणि फीत मिळून एक पाठमाला असेल, तर एकीचा बळी देऊनच दुसरीची नोंद व्हावयाची. हे साचे एकत्र करण्याचे काम १९९५ आणि १९९६ साली दोन टप्प्यांत पार पडले, आणि प्रधान वस्तूखेरीज इतर वस्तूंचेही गुणधर्म त्याच नोंदीत लिहिता येऊ लागले. २०१० साली आलेल्या नव्या नियमावलीने ‘किट’सारखी सरसकट नावेच काढून टाकली आणि प्रत्येक भागाबद्दल तीन प्रश्न विचारले : आशय कोणता, तो अनुभवण्यास उपकरण कोणते लागते, आणि तो कशावर वाहिलेला आहे? ग्रिअर्सन यांची तबकडी या रीतीने ‘उच्चारित शब्द, श्राव्य, ध्वनितबकडी’ ठरते. खंड ‘मजकूर, उपकरणाविना, ग्रंथ’ ठरतो. आणि दोन्ही एकाच नोंदीखाली गुण्यागोविंदाने नांदतात. समासातील दोन अक्षरांच्या तोडीची सोय यंत्राला शिकवावयास दीडशे वर्षे लागली म्हणावयाची!

सर्वेक्षणाच्या तबकड्यांचे नशीबही कालांतराने उघडले. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयाने त्या ध्वनिमुद्रणांचे रूपांतर करून ती संगणकजालावर सर्वांस खुली केली, आणि छापील खंडांची पानेही तेथे पाहावयास ठेविली. आता हे पान आणि हा आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतात. शतकापूर्वीच्या माणसाचा कंठ ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात हे निराळे सांगावयास नको.

अशाच संमिश्र संग्रहाचे एक थोर उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात बसून आणि गावोगाव हिंडून स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. हजाराहून अधिक गावांतील एक लाखावर ओव्या लिहून घेतल्या गेल्या, त्यांची विषयवार वर्गवारी झाली, आणि १९९० च्या दशकात बेर्नार बेल यांच्या साह्याने त्यांपैकी काही हजार ओव्या ध्वनिफितीवर चढल्या. पॉइटव्हाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तले. त्यांच्यामागे हे धन पांगले असते तर नवल नव्हते. परंतु प्रत्येक ओवीला क्रमांक, गायिकेचे नाव, गाव, तालुका, विषय हे सारे लावलेले होते; म्हणून २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ओवी, आवाज, छायाचित्र आणि गायिकेचा परिचय एका पानावर आणून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तेव्हा धागे जुळवावयाचे होते, शोधावयाचे नव्हते. गायिकेचे वय, ज्ञात, व्यवसाय, मुलेबाळे हेही तेथे दिलेले असते. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदवहीत आपले नाव पाहिले नसेल, तिची ही नोंद आहे.

शेवटी आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. ज्ञातिसंस्थांच्या आणि घराण्यांच्या संग्रहांत कुलवृत्तान्त असतातच. त्यांच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या खिशात वंशावळीचा घडीचा कागद असतो, आणि तोच सर्वांत आधी हरवतो. अलीकडच्या काहींसोबत एखादी संगणकाची तबकडीही येते. ती वाचणारी यंत्रे घरांतून झपाट्याने नाहीशी होत आहेत. संमेलनांच्या ध्वनिफिती एका कपाटात, त्यांची भाषणे छापलेल्या स्मरणिका दुसऱ्या कपाटात, आणि छायाचित्रे कोणा माजी चिटणीसांच्या घरी, अशीही स्थिती पुष्कळ ठिकाणी आढळते. यासाठी मोठी नियमावली लागत नाही. दाखल नोंदवहीत कुलवृत्तान्ताला ४५२ क्रमांक पडला असेल, तर वंशावळीच्या कागदाच्या मागे ४५२/१, तबकडीच्या पाकिटावर ४५२/२, छायाचित्रांच्या लखोट्यावर ४५२/३ असे पेन्सिलीने लिहावे. आणि मूळ नोंदीत ‘सोबत : घडीची वंशावळ १, तबकडी १, छायाचित्रे १४’ असे लिहून प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष कोठे ठेवली आहे तेही पुढे नमूद करावे. तबकडीवरील मजकुराची दुसरी प्रत काढून ठेवली असल्यास तिची तारीख त्याच ओळीत घालावी.